होडी सीझनला तयार करायची आहे: हवाटाकीत पाणी, जुन्या तारा आणि पुढे आंबोलीचा घाट

टिळकवाडी_शीड

नमस्कार मंडळी. होडी एंटरप्राइज वर्गातली, फायबरची, लांबी १३ फूट ३ इंच. डोलकाठी आणि बूम (शीडाचा खालचा आडवा दांडा) अ‍ॅल्युमिनियमचे. जूनपासून बेळगावातच पत्र्याच्या शेडखाली ट्रेलरवर ताडपत्री घालून ठेवलेली आहे. दिवाळीनंतर आंबोली उतरून वेंगुर्ल्याला न्यायची आणि मेपर्यंत किनाऱ्यावरच ठेवायची. ताडपत्री काढल्यावर जे दिसलं ते असं:

उजव्या हवाटाकीची (होडी तरंगती ठेवणारी बंद पोकळी) हॅच, म्हणजे झाकण, उघडली तर आत साधारण ४ लिटर पाणी. डावी कोरडी. नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) टाकीला झाकण नाही, नुसतं बूच आहे. त्यातून काही आलं नाही.

उजव्या श्राउडची (डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार) पट्टी डेकवर बसते तिथे जेलकोटला (फायबरवरचा गुळगुळीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. सगळ्यात लांब भेग ७ सेंमी.

श्राउड ३ मिमीचे, १ बाय १९ ची (१९ काड्या पिळलेली) तार. डाव्या तारेच्या खालच्या फेरूलच्या (टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या) वर दोन काड्या तुटून बाहेर आल्यात.

सेंटरबोर्ड (होडीखाली पाण्यात उतरणारी उभी फळी) प्लायवूडचा, फुगून खाचेत अडकलाय. अर्ध्यावरच थांबतो.

शिडांवर काळे ठिपके. जिबच्या (पुढच्या शीडाच्या) मागच्या कडेची शिवण दोन वीत उसवली आहे.

ट्रेलर इथेच बनवून घेतलेला, स्प्रिंगचे पाटे आहेत, ब्रेक नाही. मागच्या सीझनला खाऱ्या पाण्यात उतरवला होता.

यातलं आधी काय धरायचं? बेळगावात काय होईल, आणि कशासाठी बाहेरून माल मागवावा लागेल?

वेंगुर्ला_मतलई

क्रम हवेवर ठरवा. भाद्रपदात बेळगावची हवा ओली असते, त्या हवेत रेझिनचं काम काढू नका. गणपती उठेपर्यंत शेडखाली होणारी कामं उरका: तारा, शिडं, ट्रेलर, सेंटरबोर्ड बाहेर काढून वाळायला ठेवणं. चार दिवस चांगली उघडीप मिळाली की फायबर. खंडेनवमीच्या पूजेला हल (होडीचं अंग) पूर्ण झालेला असावा, म्हणजे सीलंट वाळायला आणि पाण्यावर चाचणी घ्यायला दिवाळीपर्यंत वेळ राहतो.

आता टाकी. पाणी फेकून दिलं नसेल तर बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावून बघा. खारट असेल तर ते मागच्या सीझनचं आहे, म्हणजे होडी पाण्यावर असताना आत शिरलंय. गळती हलच्या खालच्या अंगाला, सेंटरबोर्डच्या पेटीला किंवा ट्रान्समच्या (मागच्या सपाट भिंतीच्या) बुचाला शोधायची. गोडं असेल तर ताडपत्रीवरून ओघळलेलं पावसाचं पाणी डेकवरच्या एखाद्या भोकातून गेलंय. नुसत्या दमटपणाने ४ लिटर जमत नाही, तेव्हा तो विचार सोडा.

टाकी हवेने तपासा, आणि हा भाग नीट वाचा, कारण याच कामात चांगली होडी फुटते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाकीला लावायचा नाही. १ पीएसआय म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण टाकीच्या एका चौरस मीटर पृष्ठावर त्याचा जोर सुमारे ७०० किलोचा होतो. डेक आणि हलचा सांधा तेवढ्यात उकलतो.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी २ मीटर घ्या. तिचा इंग्रजी यू आकार करून फळीवर बांधा, आत रंगीत पाणी भरा, शेजारी पट्टी लावा. नळीचं एक टोक टाकीच्या बुचाच्या भोकात रबरी बूच आणि मेण लावून बसवा, दुसरं उघडं. हॅचच्या रिंगला व्हॅसलीन लावून झाकण घट्ट करा. हवा तोंडाने किंवा गादी फुगवायच्या पायपंपाने हळू भरायची, दोन्ही पातळ्यांत ६ सेंमीचा फरक येईपर्यंत. १० सेंमीच्या वर कधीही जायचं नाही.

हे सकाळी लवकर, सावलीत करा. टाकीतली हवा १ अंशाने तापली तरी नळीतलं पाणी ३ सेंमीच्या आसपास हलू शकतं. ढग-ऊन चालू असताना केलेली चाचणी खोटं बोलते: गळती असून पाणी वर चढतं, नाहीतर टाकी धड असून खाली येतं.

५ मिनिटांत ६ वरून ३ च्या खाली आलं की शोधाशोध करायची. भांडी घासायचं लिक्विड १ भाग, पाणी १० भाग, ब्रशने लावत जायचं. क्रम असा ठेवा: हॅचच्या रिंगचे स्क्रू, जिब शीटच्या (जिब ओढायच्या दोरीच्या) ट्रॅकचे स्क्रू, पाय अडकवायच्या पट्ट्यांचे ब्रॅकेट, श्राउडची पट्टी, ट्रान्समचं बूच, शेवटी डेकचा सांधा. बहुतेक वेळा पहिल्या दोन ठिकाणीच बुडबुडे दिसतात. दिसले तिथे पेन्सिलने खूण करा आणि पुढे जात राहा. एक गळती सापडली म्हणून थांबू नका.

एक चाचणी अगदी सोपी, पण कुणी करत नाही. होडी रिकामी करून वजन करा. चार जणांनी उचलून दोन वजनकाट्यांवर आडव्या फळ्या टाकून ठेवली तरी चालतं. या वर्गाच्या हलचं किमान वजन ९० ते ९५ किलोच्या घरात. जुनी होडी त्याहून थोडी जड असणारच. पण ११५-१२० भरली तर कुठेतरी फोम पाणी पिऊन बसलाय, आणि तो कोरडा झाल्याशिवाय वर कितीही रंग दिला तरी उपयोग नाही.

फायबर_उद्यमबाग

भेगांबद्दल लिहितो.

जाळ्यासारख्या भेगा दोन प्रकारच्या. नुसता जेलकोट तडकलेला, किंवा खालचा थर वाकतोय म्हणून जेलकोट तडकलेला. ओळखायचं कसं: दहाच्या नाण्याने भेगेच्या भोवती टकटक करत जा. टणक आवाज आला तर खालचा थर धड. बद्द आवाज आला तर थर सुटलेत. मग श्राउडच्या पट्टीत दोरी अडकवून वर जोरात ओढा आणि दुसऱ्याला भेगेवर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल कळली की वरून मलमपट्टी करू नका, काम आतून करावं लागेल.

नुसता जेलकोट असेल तर भेग त्रिकोणी पात्याने २ ते ३ मिमी रुंद उकरून घ्यायची. न उकरता वरून जेलकोट फासला तर तो भेगेत शिरतच नाही, महिन्याभरात तीच रेघ परत दिसते. उकरलेल्या जागी जेलकोट थोडा वर येईल इतका भरा. साधा जेलकोट हवेत वरून चिकट राहतो. म्हणून मेण घातलेला जेलकोट मागा, नाहीतर वरून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म चिकटवा आणि ७-८ तासांनी काढा. नंतर ३२०, ६००, १००० चा पाण्याचा कागद, मग गाडीचं रबिंग कंपाउंड.

थर सुटले असतील तर पट्टी काढा. डेकच्या खाली, हॅचमधून हात जाईल तिथून, ६० नंबरच्या कागदाने घासून चकाकी पूर्ण घालवा. अ‍ॅसिटोनने पुसा, १५ मिनिटं उडून जाऊ द्या. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरीचे) तीन चौकोन कापा: १२, १६ आणि २० सेंमीचे. तिघांची मॅट मिळून ३६ ग्रॅमच्या आसपास. मॅटच्या अडीचपट रेझिन धरलं तर ९० ग्रॅम. ब्रशला आणि डब्याला लागतं ते धरून १२० ग्रॅम कालवा. आधी मोठा चौकोन, मग मधला, मग छोटा. तिन्ही मिळून सुमारे ३ मिमी जाडी येते. प्रत्येक थरातून हवा ब्रशने टोचत बाहेर काढा; पांढरा डाग राहिला तर तिथे हवा आहे. वरच्या भेगा नंतर, आतलं घट्ट झाल्यावर.

हार्डनर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा. दीड टक्का, म्हणजे १२० ग्रॅमला पावणेदोन ते दोन मिली. थंडी वाटते म्हणून हार्डनर वाढवायचा नाही. डब्यातच तापतं, धूर येतो आणि थर ठिसूळ होतो. सकाळी ११ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात काम करा, पाऊस येणार असेल तर झाकण उघडूच नका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं किंवा वास तसाच राहिला तर ते पिकलेलं नाही. खरवडून पुन्हा करा, त्याच्यावर थर देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो, आग लागते. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, हार्डनर शेवटी, आणि दोघांना वेगळी सिरिंज. त्यापेक्षा कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. मग तुमच्या हातात एकच मोजमाप राहतं. डोळ्याला चष्मा हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर पाण्याखाली १५ मिनिटं धरून थेट दवाखाना.

आणि बाथरूमचं सिलिकॉन या होडीच्या जवळ आणू नका. व्हिनेगरसारखा वास येतो ते. त्याचा हात लागला तरी त्या जागी पुढे जेलकोट, रंग, काही धरत नाही.

टिळकवाडी_शीड

धन्यवाद. चाचणी घेतली, निकाल देतो.

पाणी गोडं. उजवी टाकी ६ सेंमीवरून ५ मिनिटांत १ वर आली. बुडबुडे दोन ठिकाणी: हॅचच्या रिंगचे चार स्क्रू आणि भेगा पडलेल्या श्राउडच्या पट्टीचे दोन्ही बोल्ट. डावी टाकी ६ वरून ५. वजन ९८ किलो.

नाण्याचा आवाज पट्टीभोवती साधारण ५ सेंमीपर्यंत बद्द येतोय. पट्टी उघडली तर डेकच्या खाली दडलेल्या भागावर तपकिरी डाग आणि एका भोकाजवळ केसासारखी रेघ. म्हणजे पट्टीही गेली.

उद्यमबागेत नवीन पट्ट्या कापून मिळतील, ३ मिमी जाड, त्यांच्याकडे ३०४ प्रतीचा स्टेनलेस पत्रा आहे. चालेल का? आणि सेंटरबोर्ड अजून निघत नाही. हातोडा मारायची भीती वाटते.

मच्छे_लेथ

हातोडा नको. होडी जुन्या टायरांवर कुशीवर आडवी करा, सेंटरबोर्डचा पिव्होट बोल्ट काढा आणि खालून दोन जणांनी ओढा. खाचेत साबणाचं पाणी सोडा, तेल नको. तेलाने नंतर इपॉक्सी धरत नाही. निघाल्यावर सावलीत, सपाट फळीवर, वर दोन विटा ठेवून तीन आठवडे वाळवा. उन्हात ठेवला की वाकतो, आणि वाकलेला बोर्ड परत सरळ होत नाही.

पाणी बहुतेक पिव्होटच्या भोकातून प्यायलाय. तिथे लाकूड उघडं असतं. बोल्ट १० मिमीचा असेल तर भोक १६ मिमीचं पाडा, एका बाजूला टेप लावून इपॉक्सीने भरा, दोन दिवसांनी मधोमध १० चं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीत फिरतो, लाकडाला पाणी लागत नाही. कडा आणि टोकाला इपॉक्सीचे तीन हात, बाकी पृष्ठाला दोन. पेटीत दोन्ही बाजूंना २ मिमी फट राहील इतकाच जाड ठेवा. पुन्हा बसवताना बोल्टच्या दोन्ही बाजूंना निओप्रीनचे वॉशर नवीन घाला. जुने चपटे झालेले वॉशर हीच तिथली गळती.

आता ट्रेलर. खाऱ्या पाण्यात उतरवलेला असेल तर बेअरिंग उघडल्याशिवाय घाटात नेऊ नका. कारण सांगतो. बेळगावहून खाली जाईपर्यंत हब तापतो. तापलेला हब तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधासारखं पांढुरकं दिसलं तर तेच झालंय. घरी परत आल्यावर काही दिसत नाही, चार महिने उभा राहून गंज धरतो, आणि पुढच्या खेपेला घाटात बेअरिंग जाम होतं.

हब काढा, जुनं ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने पूर्ण धुवा. बेअरिंगच्या रोलरवर खड्डे किंवा निळसर रंग दिसला तर आतली कोन आणि हबमधली कप दोन्ही बदला, एकच बदलू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून किंवा जुनंच घेऊन दुकानात जा. सील प्रत्येक वेळी नवीन; ते सगळ्यात स्वस्त आणि तेच सगळं वाचवतं. पाणी न धरणारं मरीन ग्रीस मिळालं तर उत्तम, नाहीतर लिथियम कॉम्प्लेक्स. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत.

नट घट्ट करताना चाक हाताने फिरवत राहा. जड झालं की नट थोडा, साधारण एक षष्ठांश फेरा, मागे घ्या आणि स्प्लिट पिन घाला. पिन नवीन. चाक वर-खाली हलवून बघा: अगदी किंचित खडखड चालते, चाक अडकणं चालत नाही.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरच्या टायरची नक्षी झिजत नाही, रबर मरतं. बाजूला चिरा असतील किंवा सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला.

पट्ट्यांना ३०४ चालतंय असं माझं मत. ३ मिमी जाडी असेल तर ताकदीला कमी पडणार नाही.

वेंगुर्ला_मतलई

ताकदीचं बरोबर आहे, पण गंजाचं नाही. होडी मेपर्यंत किनाऱ्यावर राहणार आहे. ३०४ उघड्यावर असताना नुसता चहासारखा डाग देतं, ते एक वेळ पुसून टाकता येईल. श्राउडची पट्टी डेकमधून खाली जाते, तिथे खारं पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही. स्टेनलेसचं रक्षण करणारा थर हवेतल्या ऑक्सिजनवर जगतो. हवा तुटली की नेमका तिथेच खड्डा पडायला लागतो, आणि तो खड्डा वरून दिसत नाही. तुमच्या जुन्या पट्टीवरची केसासारखी रेघ त्याच जागी आहे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने हे बरंच लांबतं. म्हणून पट्ट्या, बोल्ट, नट, वॉशर सगळं ३१६.

चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, दोन्हीला तो धरत नाही. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला धरत नाही. मॉलिब्डेनम तपासायच्या थेंबांची बाटली मिळते. उद्यमबागेत फौंड्री आणि पंपांचं काम करणाऱ्यांकडे ती किंवा धातू तपासायचं यंत्र असतं. दोन मिनिटांचं काम, करून घ्या. कापताना ब्लेडला साध्या लोखंडाची धूळ लागलेली नसावी. ती चिकटली की ३१६ सुद्धा गंजतं.

पट्टी बसवताना खाली ६ मिमीचा पाटा किंवा मोठे वॉशर द्या, बोल्टभोवती पॉलियुरेथेन सीलंट. बोल्ट लगेच करकचून आवळू नका, सगळं सीलंट बाहेर जातं. आधी हाताने टेकवा, दुसऱ्या दिवशी पाव फेरा. हॅचच्या स्क्रूंनाही हेच सीलंट. त्यांची भोकं सैल झाली असतील तर इपॉक्सीने भरून नवी पाडा.

तारेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सांगतो. दोन काड्या तुटल्या म्हणजे ती तार संपली, आणि एक बदलली की दुसरीही बदलायची. दोन्हींनी ऊन-मीठ सारखंच खाल्लंय. बाकी तारा तपासताना सुती फडकं हलक्या हाताने फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काडी तुटलेली. फेरूलवर गुंडाळलेली टेप काढून मगच बघा, टेपखाली मीठ साचतं. बाजारातली विंचची किंवा जिमच्या मशीनची तार लवचीक असते, ती ताणली की लांबते. श्राउडला आणि फोरस्टेला (डोलकाठीच्या पुढच्या तारेला) ताठ १ बाय १९ च हवी. ३१६ ची ३ मिमी तार साधारण ७०० किलोला तुटते, तुमच्या होडीला पुरेशी. फेरूल तांब्याचे लावून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा फेरूल आणि स्टेनलेसची तार खाऱ्या हवेत एकमेकांना खातात. ही तार आणि फेरूल तुम्हाला बेळगावात मिळणार नाही असं धरून मुंबईहून मागवा. जुन्या तारेची लांबी भोकापासून भोकापर्यंत, ताण देऊन, मिमीमध्ये मोजून पाठवा. फक्त "जुनी तार तशीच" असं लिहू नका.

डोलकाठीवर जिथे स्टेनलेसचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे पांढरी पूड दिसली तर तो काढा, घासा, मध्ये ड्युरालॅक (गंजरोधक पेस्ट) किंवा नायलॉनचं वॉशर घालून परत बसवा. रिव्हेट बोटाने फिरत असेल तर तो गेला. अ‍ॅल्युमिनियमचे साधे पॉप रिव्हेट भाराच्या जागी वापरू नका, मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) घ्या.

खानापूर_रान

डोलकाठीच्या नळीत आणि पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्यांत कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. खानापूर-बेळगाव पट्ट्यात चार महिने उभी होडी आणि एकही घर नाही असं होतच नाही. लांब वायरला चिंधी बांधून आरपार काढा. नाहीतर हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) आत अडकतो आणि शीड निम्म्यावर राहतं, तेही पाण्यावर गेल्यावर कळतं. शीडाच्या पिशव्याही उघडून बघा. उंदराने घडीच्या मध्ये भोक पाडलं की उलगडल्यावर ते आठ ठिकाणी दिसतं. पुढच्या पावसात शिडं शेडमध्ये नका ठेवू, घरात उंचावर टांगा.

शहापूर_शिवण

शिडांचं मी बघतो.

काळे ठिपके बुरशीचे. कापड डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टर, असेल तर घाबरायचं कारण नाही. बुरशी धाग्याला खात नाही, नुसती वर बसते. गच्चीवर चादर घालून शीड पसरा, कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. एवढ्याने जात नसेल तर पांढऱ्या कपड्यांचं क्लोरिन ब्लीच, १ भागाला १० भाग पाणी, १० मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. निळ्या शीडावर आधी कोपऱ्यात बघा, रंग उतरू शकतो. स्पिनेकरसारखं नायलॉनचं कापड असेल तर ब्लीच अजिबात नको, नायलॉन मरतं. वॉशिंग मशीन नको, इस्त्री नको. शीड पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको, आणि वाऱ्यावर फडफडत वाळवू नका. फडफडीने कापडातला राळेचा थर मोडतो आणि शीड मऊ पडतं.

उसवलेली शिवण. शिवणीचा धागा कापडाच्या आधी मरतो, कारण तो वर उघडा असतो आणि ऊन खातो. म्हणून दोन वीत उसवलं असेल तर बाकीची शिवणही तपासा: नखाने धागा खरवडा. सहज तुटला तर ती संपूर्ण कड परत शिवायची.

धागा बाँडेड पॉलिएस्टरचा. सुती कुजतो, नायलॉनचा ताणतो. टाका झिगझॅग, ५ मिमी रुंद. सरळ टाका ताणाखाली तटतट तुटतो, कारण त्याला लांबायला जागाच नसते. बॅगा आणि ताडपत्री शिवणाऱ्यांची मशीन बहुतेक सरळ टाक्याची असते, तेव्हा देताना विचारून घ्या. झिगझॅग मशीन मिळाली नाही तर हाताने शिवा: जुन्याच भोकांतून सुई घाला, नवी भोकं पाडू नका. एकदा जाताना, एकदा परत येताना, म्हणजे आपोआप झिगझॅग होतो. धाग्याला मेण ओढून घ्या. शिवायच्या आधी दोन कडा पातळ दुहेरी टेपने चिकटवा. नाहीतर एक कापड दुसऱ्यावर सरकतं आणि शेवटी २ सेंमीची चुणी येते, ती मग वाऱ्यात कायम दिसते.

बॅटनचे (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे) कप्पे आतल्या टोकाला बघा. तिथे बॅटन रुततो आणि कापड आतून फाटतं. बॅटनच्या टोकाला टेपचे दोन वेढे द्या.

हुक्केरीकर

खाली नेण्याआधी गोड्या पाण्यावर चाचणी घ्या. पण राकसकोपला नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. हिडकलला घटप्रभेचा जलाशय मोठा आहे, तिथे पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. आयत्या वेळी फाटकावर जाऊन होत नाही. दसऱ्याच्या आसपास पाणी भरलेलं असतं. चाचणी तेव्हाच करा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर दिसायला लागतं, म्हणजे जुन्या भिंती, झाडांचे बुंधे सगळं सेंटरबोर्डच्या उंचीला येतं.

पाण्यावर काय बघायचं: शिडं न उभारता होडी कडेला अर्धा तास तरंगत ठेवा, मग हॅच उघडून टाक्यांत हात घाला. नंतर कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटी करून ५ मिनिटं ठेवा. सरळ केल्यावर होडी एका बाजूला कलून बसली तर त्या बाजूच्या टाकीत पाणी गेलंय. डोलकाठी पाण्यात आडवी असताना तिच्यातून बुडबुडे येत राहिले तर टोक आणि रिव्हेट सील करा. पाणी भरलेली डोलकाठी होडीला पूर्ण पालथी घालते आणि मग दोघांना उचलत नाही. लाइफ जॅकेट अंगात घालूनच हे सगळं, आणि जॅकेटच्या पट्ट्यांचे बक्कल त्याच वेळी तपासून घ्या. बादली दोरीने होडीला बांधलेली असू द्या.

टिळकवाडी_शीड

सगळं लिहून घेतलं. तार, फेरूल आणि निओप्रीन वॉशर मुंबईहून मागवतो. पट्ट्या ३१६ मध्येच, तपासून. एक राहिलं: आंबोलीत ट्रेलर ब्रेकशिवाय उतरवायचा आहे, आणि होडी ट्रेलरला रॅचेटच्या पट्ट्याने बांधायची की दोरीने?

मच्छे_लेथ

पट्टा चालेल, पण रॅचेटचा दांडा पूर्ण ताकदीने ओढू नका. फायबरच्या कडेवर पट्टा आवळला की नवा भेगांचा पट्टा तयार होतो. कडेखाली जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा, पट्टा हाताने ओढून वर रॅचेटचे दोन-तीन टिचके, बस. रिकामा पट्टा वाऱ्यात गुणगुणतो आणि घासून तुटतो. त्याला एक पीळ द्या. पुढे नाळेला वेगळी दोरी, ब्रेक मारल्यावर होडी पुढे सरकू नये म्हणून. दुसरी दोरी मागे, चढावाला मागे घसरू नये म्हणून.

वजनाचा तोल: गाडीच्या हुकवर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार हवा. होडी, डोलकाठी, सामान आणि ट्रेलर मिळून २५० किलो असेल तर १८ ते २५ किलो. ट्रेलरचा दांडा हुकच्याच उंचीवर स्नानगृहाच्या वजनकाट्यावर टेकवून मोजा. भार मागे गेला की उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. नांगर, दोऱ्या, पाण्याची कॅन हे सगळं होडीच्या मागच्या भागात टाकलं की हेच होतं. ते गाडीत ठेवा. हुकला सुटी साखळी दुहेरी बांधा.

डोलकाठी मागे बाहेर येते तिथे लाल फडकं, आणि दिवे निघायच्या आधी दोघांनी मिळून तपासा: ब्रेक, डावा, उजवा. घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. सुरू होण्याआधी थांबून हबला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, हात टेकवत नाही इतका तापला असेल तर तिथेच उघडा, खाली जाऊन बघू म्हणू नका. सावंतवाडीला परत एकदा थांबून पट्टा तपासा. नवीन पट्टा पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ढिला होतोच.

वेंगुर्ला_मतलई

आणि किनाऱ्यावर पोचलात की लगेच पाण्यात नको. अर्धा तास हब गार होऊ द्या, तोवर डोलकाठी उभी करा. वर विजेची तार नाही ना हे बघूनच. नोव्हेंबरात सकाळी मतलई वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे ढकलतो, दुपारनंतर खारा वारा फिरून आत आणतो. पहिल्या दिवशी दुपारीच उतरा. काही तुटलं तरी वारा तुम्हाला वाळूकडेच घेऊन येईल. बंदर कार्यालयात आणि जवळच्या रापणीच्या लोकांना सांगून ठेवा, जाळी कुठे टाकलीत ते तेच दाखवतील. परत आल्यावर ट्रेलरची चाकं आणि तारांचे फेरूल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी नाही.